उजवा कोपर

मिस्त्री : मी उजवीकडे म्हणालो होतो, काका. टायरचा ढीग डावीकडे आहे.

चष्मेकाका : मी उजवीकडेच वळवत होतो. गाडी डावीकडे गेली, त्याला मी काय करू?

मिस्त्री : हँडल तुमच्या हातात होतं.

चष्मेकाका : म्हणून तर म्हणतोय, हँडल तपास. काहीतरी उलटं बसवलंयस तू. चौतीस वर्षं मोटरसायकल चालवतोय मी, आता उजवं-डावं तुझ्याकडून शिकू का?

काकू : लागलं का हो कुठे?

चष्मेकाका : टायरला काय लागणार आहे.

काकू : तुम्हाला विचारतेय मी.

चष्मेकाका : नाही लागलं. तू त्या बाकावर बस बघू. अशी समोर उभी राहिलीस की वाटतं कुणी परीक्षा घेतंय.

मिस्त्री : परीक्षाच आहे ती. तुमच्याकडे माणूस आला की चष्मा द्यायच्या आधी तुम्ही त्याला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावता की नाही? तसंच हे. गाडी द्यायच्या आधी मी आवारात चालवून बघतो. आता तो खटका दाबा आणि हळूच मागे या. हिला रिव्हर्स आहे.

काकू : गाडीला आला. माणसाला कधी येतोय देव जाणे.

चष्मेकाका : हिच्याकडे लक्ष देऊ नकोस. मला एवढंच सांग, या तीन चाकांच्या धुडाचं एवढं कौतुक कशासाठी? दुचाकीला रस्त्यात एक रेघ पुरते. खड्डा आला, चुकवला, संपलं. हिला तीन रेघा लागतात. पुढचं चाक वाचवलं की मागचं डावं खड्ड्यात. डावं वाचवलं की उजवं.

मिस्त्री : खरंय.

चष्मेकाका : अरुंद पुलावर समोरून ट्रॅक्टर आला तर दुचाकी कठड्याला चिकटवून उभं राहता येतं. ही कुठे चिकटवू?

मिस्त्री : तेही खरंय. आणखी एक सांगून ठेवतो, म्हणजे नंतर म्हणू नका की लपवलं. वळण जोरात घेतलंत तर हिचं आतलं चाक उचलतं. दुचाकी वळणावर कलते, ही कलत नाही. फारच जोरात घेतलीत तर उलटेल.

चष्मेकाका : ऐकलंस? बनवणाराच म्हणतोय उलटेल.

मिस्त्री : पुढचं ऐका की. दुचाकी पळत असते तोवर स्वतःची स्वतः उभी असते. थांबली की तुमच्या पायावर. आणि तुमच्या डाव्या गुडघ्यावर आता कुणी विसंबून राहू नये, असं डॉक्टर म्हणालेत, मी नाही. ही थांबल्यावर कुणाच्याच पायावर नसते. वाळू असो, चिखल असो, सांडलेलं डिझेल असो, घसरेल पण आडवी होणार नाही. तुम्ही आल्यापासून विचारताय, दोनातली सुरक्षित कुठली. मी विचारतो, चालवणार कोण?

काकू : फाटकापाशी गाडी उभीच होती, मिस्त्री. आगगाडी जायची वाट बघत होतो. पळत नव्हतो, वळत नव्हतो, कुणाचा धक्का नाही. यांचा गुडघा बसला आणि गाडी माझ्यासकट डावीकडे आडवी.

चष्मेकाका : ते कशाला आता उगाळायचं.

काकू : मनगटात प्लेट आहे माझ्या. ती काही मी उगाळत नाही, ती असतेच.

मिस्त्री : लोक म्हणतात, काकांनी आधी चष्म्यांची पेटी उचलली.

काकू : उचलली.

चष्मेकाका : पेटी हिच्या अंगावर पडली होती. ती उचलल्याशिवाय ही निघणार कशी? सहा महिने सगळ्या गणगोताला हेच समजावतोय मी.

काकू : मी कधी काही म्हटलं?

चष्मेकाका : म्हणत नाहीस, तेच टोचतं. जाऊ दे. मिस्त्री, पुन्हा एकदा बघू. सोमवारी मला शिवणकारखान्यात जायलाच हवं. चाळीस बायकांचे चष्मे तयार होऊन पडलेत. मुकादमबाईचा फोन होता काल. दोघींची शिवण वाकडी जायला लागली म्हणून त्यांना मशीनवरून उठवून झाडायला लावलंय. हात अजून पक्का आहे रे त्यांचा, फक्त सुईचं नेढं दिसत नाही. तेवढ्यासाठी झाडू.

मिस्त्री : पार्सलनं पाठवून द्या.

चष्मेकाका : चष्मा पार्सलनं जात नसतो. नाकावर बसवावा लागतो, कानामागे काडी वाकवावी लागते. एकीचा कान वर, दुसरीचा खाली. नीट बसला नाही तर डोकं दुखतं, मग तो चष्मा डब्यात जाऊन पडतो.

मिस्त्री : मग बसनं?

काकू : बसच्या थांब्यापासून पुढे सात किलोमीटर कच्चा रस्ता आहे. आमची मुलगी तर फोनवर म्हणाली, बाबा, पुरे झालं आता, चष्म्यांची ही गावोगावची फेरी बंद करा आणि आराम करा. तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

चष्मेकाका : आराम म्हणे. सरका, सुरू करतोय.

मिस्त्री : सावकाश. त्या ड्रमाला वळसा घालायचा, उजवीकडून. उजवीकडून, काका. अहो, ब्रेक. ब्रेक दाबा.

काकू : पाय वर घ्या. अहो, पाय.

चष्मेकाका : घेतला. घेतला वर. काही झालं नाही.

मिस्त्री : बूट दाखवा. टाच सोलून निघालीय. बुटाची आहे, पायाची नाही, नशीब म्हणायचं. थांबताना पाय कशाला टेकलात?

चष्मेकाका : थांबलं की टेकतात.

मिस्त्री : दुचाकीवर टेकतात. इथे टेकलात की मागचं चाक त्याच पायावर चढतं. सकाळपासून दहा वेळा सांगितलं असेल.

चष्मेकाका : मला माहीत आहे रे. पायाला कोण सांगणार? आणि ते हँडल उलटंच आहे, आता तर माझी खात्रीच झाली.

मिस्त्री : या इकडे. ही तुमची जुनी मोटरसायकल, मधल्या स्टँडवर पक्की उभी आहे. बसा. मुठी धरा. डोळे मिटा. रस्ता मोकळा आहे, चांगला वेग आहे, समोर उजवं वळण आलं. घ्या वळण.

चष्मेकाका : घेतलं.

मिस्त्री : काय केलंत हातांनी?

चष्मेकाका : उजवीकडे वळवलं. आणखी काय करणार?

मिस्त्री : काकू, तुम्हाला काय दिसलं?

काकू : त्यात नवीन काय आहे? उजवं वळण आलं की यांचा उजवा कोपर सरळ होतो. डावं आलं की डावा. नेहमीच होतो.

चष्मेकाका : काहीतरीच बोलू नकोस.

काकू : काहीतरी कसं? मागे बसलेल्या माणसाला दुसरं दिसतं काय? एक पाठ आणि दोन कोपर. रस्ता मला कधी दिसलाच नाही. वळण आलं ते मी तुमच्या कोपरावरून ओळखायची आणि पेटी घट्ट धरायची.

मिस्त्री : आता ऐका. कोपर सरळ होतो, म्हणजे उजवी मूठ तुम्ही पुढे ढकलता. हँडल केसभर डावीकडे जातं, त्यामुळे गाडी उजवीकडे कलते, आणि कलली की उजवीकडे वळते. वेगात असताना सगळे दुचाकीवाले हेच करतात, आणि कुणाला पत्ता नसतो. मलाही नव्हता. पहिली तीनचाकी बनवली तेव्हा मी या भिंतीवर जाऊन आपटलोय. ही कलत नाही. हिची उजवी मूठ पुढे ढकललीत की ही सरळ डावीकडे जाणार.

चष्मेकाका : म्हणजे चौतीस वर्षं मी उलटं चालवत होतो?

मिस्त्री : त्या गाडीवर तेच सुलटं होतं.

चष्मेकाका : मोडायला किती दिवस लागतील ही सवय?

मिस्त्री : खरं सांगू?

चष्मेकाका : मग काय खोटं सांगणार?

मिस्त्री : इथे आवारात चार दिवसांत मोडेल. पण रस्त्यावर अचानक कुणी आडवं आलं की हात जुनंच करणार. विचार करायला वेळ नसतो ना तेव्हा. मी तुम्हाला ही गाडी विकू शकत नाही, काका. माझं मन धजत नाही.

चष्मेकाका : ठीक आहे. नको देऊस. ही दुचाकी आहे ना माझी, झाली ना दुरुस्त? गुडघ्याला पट्टा आवळतो आणि सोमवारी निघतो.

काकू : जा.

चष्मेकाका : जा म्हणजे?

काकू : जा म्हणजे जा. मी येणार नाही. तक्ता तुम्हीच टांगा, बायकांची नावं तुम्हीच लिहून घ्या. मी घरी थांबते, दर दहा मिनिटांनी दारात येऊन बघते. आणि अनोळखी नंबरावरून फोन आला तर मी तो कसा उचलायचा, तेवढं सांगून जा. मला फेरी नको, पेटी नको, मला तुम्ही हवे आहात. इतकं स्पष्ट मी तुम्हाला कधी बोलले नाही, आज परक्या माणसासमोर बोलायची वेळ आणलीत.

मिस्त्री : मी कुठला परका.

चष्मेकाका : आणि मी काय करू गं? सहा महिने खिडकीत बसून समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचतोय. सगळ्या पाठ झाल्यात. रात्री झोप नाही, दिवसा बूड टेकत नाही. तिकडे बायका माझी वाट बघतायत आणि इथे मी घरभर येरझाऱ्या घालतोय. घरात बसून मी जगेन, पण तुला तो माणूस आवडणार नाही.

काकू : आत्ताच आवडत नाहीये.

मिस्त्री : बरं, बरं. बाहेर टेम्पो येऊन उभा आहे, मला आत घ्यायचाय. काकू, तेवढी तीनचाकी भिंतीकडे सरकवता? माझे हात ग्रीसनं भरलेत आणि काका आज तिला हात लावायचे नाहीत.

काकू : मी?

मिस्त्री : गिअर नाहीत. उजवी मूठ पिळली की जाते, ब्रेक दाबला की थांबते. दहा पावलांवर तर भिंत आहे.

चष्मेकाका : अरे, कुणाला सांगतोयस? तिनं जन्मात सायकल चालवली नाही.

काकू : अशी पिळायची का?

(काकू तीनचाकी भिंतीपर्यंत नेते, पण तिथे थांबत नाही. ड्रमाला उजवीकडून वळसा घालते, मग डावीकडून, आणि टायरच्या ढिगापासून हातभर अलीकडे येऊन थांबते.)

मिस्त्री : काकू.

काकू : फार पुढे आले का? भिंत मागे राहिली.

मिस्त्री : राहू दे भिंत. टेम्पोवाला थांबेल. आता दोन ड्रमांमधून आठाचा आकडा काढा बघू.

काकू : शिवणयंत्रावर कापड फिरवतो तसंच आहे की. जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा.

चष्मेकाका : थांबताना पाय टेकू नकोस.

काकू : कशाला टेकू? पडतेय का ती?

चष्मेकाका : वळणाला हळू घे. आणखी हळू. हं. मिस्त्री, हिला जमतंय रे.

मिस्त्री : त्यांना मोडायला काही नाही ना. कोरी पाटी.

चष्मेकाका : मला एका सकाळीत जमलं नाही ते हिला दोन मिनिटांत.

मिस्त्री : वाईट वाटलं?

चष्मेकाका : वाटणारच. दगड आहे का मी?

काकू : मिस्त्री, परवाना कसा काढतात?

मिस्त्री : आधी शिकाऊ मिळतो, चार-पाच दिवसांत. गाडीला पुढे-मागे शिकाऊची पाटी लावायची. आणि मागच्या सीटवर पक्का परवाना असलेला माणूस बसवायचा. त्याच्याशिवाय रस्त्यावर जाता येत नाही.

काकू : पक्का परवाना असलेला माणूस कुठे शोधायचा आता?

चष्मेकाका : दोघंही माझ्याकडे बघू नका.

काकू : मी मुकादमबाईंना फोन करते. हा सोमवार नाही, त्याच्या पुढचा. आणि तोवर त्या दोघींना झाडू नको, काहीतरी बसून करायचं काम द्या म्हणते. चष्मे येतायत म्हणून सांगते.

चष्मेकाका : मी कुणाच्या मागे कधी बसलेलो नाही. लोक काय म्हणतील?

मिस्त्री : लोक म्हणतील, चष्मेकाका आले. आणि मागचा माणूस म्हणजे नुसतं ओझं नाही हो इथे. वळणावर त्यानं आतल्या बाजूला झुकायचं, म्हणजे चाक जमिनीवर दाबून राहतं. झुकणं तुमच्या अंगात मुरलंय. तुमचं अंग शहाणं आहे, फक्त हात आवरा.

चष्मेकाका : हात कुठे ठेवू?

मिस्त्री : सीटला मागे कडी आहे. नाहीतर काकूंना धरा. मी तिकडे तोंड करतो.

काकू : बसा आता. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागलाय. एक फेरी मारू.

चष्मेकाका : गुडघा वर येत नाहीये. थांब. हं, आला. जायच्या आधी सांगशील ना?

काकू : सांगेन.

चष्मेकाका : एकदम पिळू नकोस मूठ.

काकू : नाही पिळत.

चष्मेकाका : मला भीती वाटतेय गं.

काकू : मला चौतीस वर्षं वाटत होती. निघतेय हं.