घड्याळजीची छत्री

छत्री देते हो, कुठे पळून जातेय ती — आधी बसा, एवढं ऐका. एक होती आजी, एक होती तिची नात आणि एक होता घड्याळजी. हो हो, तुमचाच मुलगा. आजी कोण तेही ओळखलंच असेल तुम्ही, पण मला गोष्टीसारखंच सांगू द्या, सरळ सांगायला जीभ रेटत नाही. तर या आजीला एक खोड — समोरचा जसा, तशी ती. कुणी लंगडत चाललं की शेजारी हीपण लंगडणार, कुणी मान तिरकी केली की हिची तिरकी. मुद्दाम? छे! तिला कळतसुद्धा नाही. रविवारी घड्याळजी आला, नातीला मागणी घालायला. घड्याळं दुरुस्त करताना भिंग लावून लावून त्याचा उजवा डोळा बोलतानाही आपोआप मिटतो — गल्लीतली पोरं त्याला 'काण्या' म्हणून चिडवतात, ठाऊक असेल तुम्हाला. तो बोलतोय, आजी ऐकतेय, आणि आजीचा उजवा डोळा — मिट, उघड, मिट, उघड! त्याने पाहिलं. कानापर्यंत लाल झाला, कप खाली ठेवला, उठला, गेला. छत्री तशीच खुंटीला. नात म्हणाली, "आजी, तूपण त्या पोरांसारखीच?" — बस्, तेवढंच. तेव्हापासून ताट वाढते, पण बोलत नाही.

मग आजीने त्याला दारातच का नाही थांबवलं? ओठांवर आलं होतं, 'बाळा, थांब, ही माझी खोड' — आणि गिळलं. का म्हणजे? तो गेला तर पोर राहील ना माझ्याजवळ! एवढीशी होती तेव्हापासून मीच वाढवलीय तिला, ती गेल्यावर या दोन खोल्यांत मी एकटी — जाऊ दे. हे सांगायचं नव्हतं मला. डोळा माझ्या हातात नव्हता हो, तोंड होतं.

बघा, तुम्ही मघापासून गुडघा चोळताय, आणि माझा हात कुठेय? माझ्या गुडघ्यावर! चांगला धडधाकट गुडघा, देवाशपथ. आणि अहो, तुम्ही का डोळे पुसताय? रडतेय तर मी —

काय? तो गल्लीच्या कोपऱ्यावर उभा आहे? मघापासून? अगं ए पोरी, बाहेर ये — नाही, आधी केस विंचर! आणि उठा तुम्ही, विहीणबाई, छत्री राहू दे खुंटीलाच, त्याला घेऊन या. मी भिंतीकडे तोंड करून बसते. जा म्हटलं ना, जा!