पेड पकड!

दोर वळताना सुनेले मदतीले बोलावू नका, एवढंच सांगतो.

व्याह्यांना द्यायले मी लाकडाचं छोटं जहाज केलं होतं. व्याही संध्याकाळी रायपूरले येणार आणि शिडाचे दोर अजून बाकी! तात्यापारा मोहल्ल्यातल्या दुकानातून आणलेलं बारीक धाग्याचं रीळही शेवटचंच. अंगणात बिहीच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाजवळ सून दोराचे तीन पेड चिमटीत धरून उभी होती, इकडून मी ड्रिल मशीननं पीळ देऊन राहिलो होतो. धागे तारेसारखे ताणले.

"हलू नको हं!"

"हव, बाबा." पोरगी श्वासही घेईना.

तेवढ्यात तिच्या चिमटीतून एक पेड निसटला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "अवं, पेड पकड! पेड!"

सून भिलाईची, माहेरी सगळी हिंदीच. तिनं हातातलं सगळं सोडलं, धावत गेली आणि डोळे गच्च मिटून बिहीच्या झाडाले मिठी मारली.

"पकड़ लिया, बाबा! भूकंप आया क्या?"

मी ड्रिलभोवती झालेल्या गुंत्याकडे पाहिलं.

"हव," म्हटलं, "येऊन गेला."