दोन आण्यांचा वाघ

दोन आणे! अवो, वाघ बघायला दोन आणे! तुमास्नी सांगतो मंडळी, सुप्याच्या जत्रंत सर्कशीच्या तंबूम्होरं आमच्या कुंभारवाड्याचा परशू असा काय बोंबलत हुता, की आतला हत्ती गप झाला आन बाहेरची माणसं गोळा झाली... न्हाई, मला सांगा, दर्याकाठच्या माणसाला कुणी खारं पाणी इकतं का? आमच्याकडं वाघाची काय नवाई? सांजंला दार लवकर लावा, वाघ. पोरीला एकटी पाण्याला धाडू नगा, वाघ. आन गेल्या पावसाळ्यात परशूची दुभती म्हस गोठ्यातनं वढून नेली, ती कुणी? वाघानंच की! त्यालाच बघायला दोन आणे? मागल्या साली एकच आणा हुता! दोन आणे म्हंजे अर्धा दिस जंगलात सागाची लाकडं वढायची, कळलं का?

तिकीटवाला बेळगावकडचा, तेल चोपडून भांग पाडल्याला. त्यो गोड आवाजात म्हनतो, "काका, म्हागाई किती झालीया! वाघाला रोज बोकड लागतो, बोकड!"

"आमच्या वाघानं आख्खी म्हस खाल्ली," परशू म्हनला, "त्याचं तिकीट मी कुणाकडं मागू?"

लोक हसली. तिकीटवालाबी हसला, पर पैसा काय सोडला न्हाई.

मग परशू आत गेलाच कशाला, म्हनाल... अवो, त्याला शिव्या घालायच्या हुत्या! म्हस गेल्यापास्नं पोटात आग हुती. जंगलात वाघाला शिवी देणार कशी? शिवी संपायच्या आत आपणच संपायचं! हितं गज हायत, दोन आणे मोजल्यात, घसा बसंपतोर घालीन, असं म्हनून बहाद्दर पार म्होरं जाऊन बसला.

घंटा झाली, दार वर गेलं, आन वाघ आला.

परशू उभा ऱ्हायला. तोंड उघडलं. आन तुमास्नी सांगतो, ते तसंच उघडं ऱ्हायलं!

अवो, जल्म गेला वाघाच्या शेजारी, पर परशूनं वाघ बघितलाच न्हवता! ऐकला हुता. वास घेतला हुता. चिखलात पंजा, गवतात शेपटाचं टोक, एकदा बांबूआडनं दोन डोळं... त्याम्होरचं बघायला थांबतंय कोण? परशू एकीकडं, धोतार एकीकडं! नाकापास्नं शेपटापतोर आख्खा वाघ, आन आपण निवांत बघतोय, हे पयल्यांदाच! रंग कसला, पिकल्या भातावर सांजचं ऊन पडावं तसा, त्यावर काळं पट्टं, जणू आत्ताच कुणी वल्या बोटानं वढल्यात! आन कानामागं पांढरा ठिपका! वाघाला कानामागं ठिपका असतुया हे ठावं हुतं कुणाला? त्यो बघितल्याला माणूस सांगायला घरी आलाय कवा?... वाघानं जांभई दिली, परशू गजाकडं वाकला. वाघानं पंजा चाटला, चुलीजवळच्या मांजरीवानी, आन परशूच्या डोळ्याला पाणी. कसली शिवी आन कसलं काय!

"दोन आणे..." त्यो पुटपुटला, "निस्तं दोन आणे!"

झालं! घरी जाईस्तवर वाटंत भेटंल त्याला हेच सांगत सुटला. घरात पाय टाकला तसा बायकोला म्हनला, "सुंदरी, चल, तुला वाघ दावतो."

सुंदरी उसळली. म्हस तिनं पारडी असल्यापास्नं वाढवल्याली. "माझ्या म्हशीला खाल्ल्याल्या जातीचं तोंड बघायला पैसं मोडू व्हय?"

"अगं, बघ एकदा. मग घाल शिव्या."

शिव्या घालायला मिळतील म्हनून आली. दोन दिसांनी दोघं तंबूशी पोचली, तर तिकीट तीन आणे!

"काका, तुमीच वाटंभर बोंब उठवली की!" तिकीटवाला म्हनतो. "गर्दी बघा किती झालीया!"

परशूनं कपाळाला हात लावला आन कमरंची पिशवी सोडली.

घंटा झाली. वाघ आला, मधी उभा ऱ्हायला, गोल फिरला... आन झोपला! उताणा, चारी पाय वर! लोक खवळली. "उठवा त्याला! तीन आणे दिल्यात!" खेळवाल्यानं काठी उचलली.

तवर सुंदरी उठली. परशूनं डोळं मिटलं... आता सुटणार शिव्या!

"काठी लावू नगा त्याला!" सुंदरी म्हनली. "निजू द्या."

"अगं बाई, आमी पैसं दिल्यात!" मागनं कुणीतरी वरडलं.

"मीबी दिल्यात! मला निजल्यालाच बघायचाय!" मग हळूच परशूला म्हनली, "पोट बघा की वो... कसं पांढरंफेक, लेकरावानी हलतंय. ह्येच्यात म्हस मावती व्हय?"

तुमास्नी सांगतो, आख्खा तंबू गप झाला. दोनतीनशे माणूस, तीन तीन आणे मोजल्यालं, पाळण्यापाशी बसल्यागत बसलं. कुणी खोकला तर बाकीच्यांनी त्याला गप केला. वाघाची घोरघोर तेवढी ऐकू येत हुती, आन ती ऐकत सुंदरीनं पदरानं डोळं पुसलं.

बाहेर येताना तिकीटवाला हात जोडून म्हनतो, "काका, फुडल्या साली या बरं का. चार आणे हुतील."

परशूनं सुस्कारा सोडला. "चार आण्यात त्यो जागा तरी असंल काय?"

"जागा पायजे तर पाच."

परशूनं सुंदरीकडं बघितलं, मान हलवली आन म्हनला, "मग आमास्नी निजल्यालाच बरा, बाबा."