विलासची गिटार किती वर

भीमपूरच्या मंडळींनो, विलासच्या घरच्यांनो, शेतातली कामं सोडून तुम्ही इतके जण आलात. मी आयुष्यभर बातम्या लिहिल्या, वेळेत दिल्या. आज मित्राबद्दल चार वाक्यं बोलायची तर कागद कोराच राहिला. तरी बोलतो.

गेल्या आठवड्यात विलास हृदयविकारानं गेला. तुमच्यासाठी तो कापूस पिकवणारा विलास. माझ्यासाठी घरच्या घरी रॉक गाणं करणारा विलास. शब्द माझे, गिटार त्याची, आवाज त्याच्या बायकोचा, संगीतावहिनींचा.

वहिनींचा आवाज आम्ही मधल्या खोलीत रेकॉर्ड केला. तेव्हा खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. आवाज स्वच्छ आला, जराही घुमला नाही. गिटार वाजवली ती कापूस विकल्यावर, रिकाम्या खोलीत. ती घुमली. दोन्ही एकत्र लावलं, तर वहिनी इकडे तलमडुगू गावात गातात आणि विलास पार तिकडे गुडीहत्नूरला वाजवतो, असं वाटे.

चूक कळायला आम्हाला दोन महिने लागले. तोवर लॅपटॉपवर नुसते आवाज वर-खाली करत बसलो. मग एका दुपारी विलासनं घरातल्या सगळ्या गाद्या, वाकळा भिंतींना टांगल्या आणि गिटार पुन्हा वाजवली. शेजारच्या काकूंनी डोकावून विचारलं, "ढेकणं झाले का रे, विलास?"

"नाही काकू, गिटार घुमून राह्यली."

गिटार छान बसली. तरी गाण्यात त्यानं तिचा आवाज खालीच ठेवला. मी म्हणायचो, अरे, ऐकू तरी येऊ दे. तो म्हणायचा, "संगीताचा आवाज झाकला जाते." वहिनी म्हणायच्या, "नाही जात." रोज हेच भांडण. गाणं तिथंच अडलं.

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यायची गिटार वर करा." मी नाही म्हणालो. गेलेल्या माणसाच्या मजकुराला हात लावायचा नाही, ही माझी जुनी सवय.

त्या म्हणाल्या, "ते असते तर मी भांडलीच असती ना. आता काऊन सोडू?"

मी लॅपटॉप उघडला.

काल दुपारी आम्ही गिटार वर केली. थोडी. आणखी थोडी. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. एका जागी म्हणाल्या, "बस. इथं." त्यांचा आवाज कुठेही झाकला गेला नाही. विलास, तुझं चुकलं होतं. हे मी सगळ्यांसमोर सांगतो.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू, मग गाणं लावतो. शेवटचं कडवं संपल्यावर गिटार एकटीच वाजते. ती थांबेपर्यंत कोणी खुर्ची हलवू नका.

विलास, नमस्कार.