एकवीस नंबरची बॅटरी

…नाही हो दादा, सही नंतर करा, वही काय पळून जातेय? आधी बॅटऱ्या बघू दे मला. ड्रोनचं काय, एखादं पातं तुटलं तर दुसरं बसवू, खरचटला तर खरचटला, आभाळात जाऊन कोण बघतंय — पण बॅटरी मी उलटसुलट करून, नाकाला लावून बघितल्याशिवाय कपाटात ठेवत नाही. हो, नाकाला! हसा, सगळेच हसतात. आतून कुठे फाटली असेल ना, तर गोडसर वास येतो, नखांचा रंग पुसायचं पाणी असतं तसा. सासूबाई म्हणतात, एवढ्या मायेने तू कधी दूध नासलंय का ते बघितलं नाहीस. बरोबर आहे त्यांचं. अठरा — ठीक. एकोणीस — ठीक. वीस — जरा तापलीय, उन्हातून आलात ना, निवू दे बापडी. गरम बॅटरी मी चार्जरला लावत नाही, जगबुडी आली तरी. आणि ही… ही एकवीस.

तुम्ही बसा ना, उभे का? ती नको, ती खुर्ची डुगडुगते, ह्या स्टुलावर बसा. पाणी घ्या. तीन दिवस पुलाचं शूटिंग म्हणजे भाजून निघाला असाल. — हं, तर एकवीस. गंमत बघा, बॅटरीवरचे आकडे मी लिहिते, आणि माझा दोन असा येतो की सासरे विचारतात, हा आकडा आहे की पाय मुडपून बसलेलं बदक. आणि ह्या एकवीसमधला दोन कसा, छापल्यासारखा! शिवाय स्टिकर कोपऱ्यावर. मी मधोमध लावते. नाही नाही, मी काही म्हणत नाहीये. नुसतं बघतेय.

ते कपाट बघितलंत? लोखंडी. आमचे हे लोकांना ड्रोन उडवायला शिकवतात, भाड्याने देतात, फोटोत तेच असतात — सांभाळायचं काम माझं. आत तेवीस बॅटऱ्या आहेत. प्रत्येकीची न जळणारी पिशवी वेगळी, तोंडाला चिकटपट्टी, आणि सगळ्या निम्म्या भरलेल्या. पूर्ण भरून ठेवली तर आतल्या आत कुरकुरत राहते, पार रिकामी ठेवली तर मरते. निम्मी म्हणजे सुखी. हेच मी सासऱ्यांना जेवणाबद्दल सांगितलं तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी! आणि त्या कपाटाच्या बरोब्बर वर, ह्या छताच्या वर, सासूबाईंची खाट. दुपारी दोन ते चार झोपतात. ऐका — ऐकू येतंय ना? ते मशीन नाही, त्या घोरतायत.

म्हणून विचारते. पडलेली बॅटरी तिथल्या तिथे काही करत नाही, हीच तिची खोड. तास जातो, दिवस जातो, तोंड मिटून बसते, आपण म्हणतो सुटलो, आणि मग एकदम धूर. पडली असेल तर पडली म्हणायचं, बस. मी तिला मागच्या अंगणात वाळूच्या बादलीत ठेवते, दोन दिवस लांबून बघते, मग मोडीत काढायला देते. कोणी ओरडत नाही. पण सांगितलंच नाही, तर ती जाऊन बसणार ह्या तेवीसजणींच्या मांडीला मांडी लावून, सासूबाईंच्या खाटेखाली. — पडली होती का? — नाही? बरं. नाही तर नाही. पाणी संपवा ना.

तुम्हाला वाटत असेल, बाई उगाच बाऊ करते. इथे लागलीय आग. दोन वर्षं झाली. ह्या भिंतीचा रंग जरा उजळ दिसतो ना? तिथपासून इथपर्यंत काळी ठिक्कर झाली होती. माझे धाकटे दीर धावत आले, फावड्याने ती पेटलेली वस्तू उचलली आणि थेट अंगणात भिरकावली. एक भुवई जळाली त्यांची! महिनाभर एकाच भुवईने हिंडत होते, ज्याच्याकडे बघतील त्याला वाटायचं, ह्यांना आपला संशय येतोय. आम्ही हसून हसून बेजार. स्वतःही हसायचे. फार चांगला माणूस हो. हात इतका हलका, बंद पडलेला ड्रोन उघडायचे आणि केसाएवढी तार अशी जोडायचे की शोधून सापडायची नाही. पण आता इथल्या एका बटणालाही हात लावू देत नाहीत त्यांना. घरात नावच पडलंय, भडका. कारण आग त्यांच्यामुळे लागली ना. दाढीचं मशीन चार्जिंगला लावलं होतं त्यांनी, त्याची वायर सोललेली, सासरे चारदा बोलले होते, बदल म्हणून. आज जेवताना पुन्हा विचारलं त्यांनी, वहिनी, दुरुस्तीचं टेबल मी सांभाळू का? नाहीतर दुसऱ्या गावी नोकरी आहे, संध्याकाळपर्यंत कळवायचंय. सासूबाई म्हणाल्या, जा बाबा नोकरीला, घर तरी उभं राहील. सगळे हसले. मी वाढत होते. मी पण हसले.

मशीनमुळेच लागली. म्हणजे — सगळे असंच म्हणतात. नाही, तुमचा प्रश्न बरोबर आहे, दाढीच्या मशीनने एवढी भिंत कशी जळेल? शेजारी बॅटरी होती ना, त्याच बोर्डवर. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं, घाई होती, तर ती तशीच गरम-गरम लावून मी वर बहिणीशी फोनवर —

काय बोलले मी? गरम म्हणाले. हो.

कोणी विचारलंच नाही हो मला. धूर ओसरला तेव्हा मशीन आणि बॅटरी वितळून एकच गोळा झाला होता. सासरे म्हणाले, बघा, ती वायर! आणि मी मान हलवली. तोंडाने एक शब्द खोटा बोलले नाही, देवाशपथ, नुसती मान हलवली. वाटलं, चार दिवसांनी सांगू. मग भुवई आली, रंग मारला, आणि सगळं इतकं हसण्यावारी गेलं की सांगायचं कुठे? दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, गरम लावू नका, चार्जिंगला लावून जागा सोडू नका. आणि… मेलं, तुम्हाला कशाला सांगतेय हे सगळं! बॅटरी घ्यायला बसले आणि —

काय? — खिशात? जॅकेटच्या खिशात? आणि माझा चांगला फोम घातलेला डबा काय शोभेला दिला होता? — फोम काढून त्यात कॅमेरा बसवलात! वा! अहो, कॅमेरा पडला तर फुटतो, पेटत नाही! — खड्ड्यात गाडी उसळली… रस्त्यावर… काल संध्याकाळी. थांबा, हलू नका, नख घालून स्टिकर काढते. हे बघा. चांगला अंगठा मावेल एवढा पोचा. आणि त्यावर इतकं सुरेख एकवीस! पुढच्या वेळी ड्रोन देणार नाही म्हणून घाबरलात ना? देईन हो. तुम्हालाच देईन. फक्त डबा मी स्वतः भरणार, आणि त्यात कॅमेरा दिसला तर कॅमेराही ठेवून घेणार. हसताय काय, आलेच मी, ही वाळूत ठेवून येते.

…झालं. अंगणाच्या पार टोकाला ठेवली. तुम्ही किती वेळ घेतलात? एक पेला पाणी. पोटात ठेवून रात्रभर झोप नसेल आली, हो ना? आता कसं वाटतंय? — हलकं. दिसतंयच तोंडावर.

भावोजी! अहो भावोजी! जरा खाली येता? — नाही, काही जळत नाहीये! — नाही, फोन नका करू त्यांना अजून, त्या नोकरीवाल्यांना, आधी खाली या. आणि आईंना उठवा. — हो, उठवा म्हणतेय ना, बाबांनाही बोलवा. मला सगळ्यांसमोर बोलायचंय.

तुम्ही निघा आता, दादा. नाही, थांबू नका, हे घरचं आहे. आणि जाताना दार ओढून घ्या.