झेलणारे हात

कुणीतरी हात काढून घेतला. पडलो नाही मी — पाडलं मला. चौघं उभे होते माझ्या पाठीमागे, चौघंही आपल्याच विभागातले, त्यात तूही — नाही गं, तुझ्यावर संशय नाही, तू तर माझीच विद्यार्थिनी, म्हणून तर म्हटलं, आरोग्य केंद्रात तूच चल बरोबर — सिस्टर, हळू! कोपर आहे ते! — हं, सांग आता, कोण?

म्हणे नेतृत्व विकास शिबिर! तो प्रशिक्षक, कालचं पोर, मला म्हणतो, सर, डोळे मिटा, मागे झोकून द्या, विभाग झेलेल तुम्हाला. अरे, इतकी वर्षं विभागाला मी झेलतोय! वेळापत्रक मी, परीक्षा मी, कुलगुरूंची बोलणी खायलाही मीच. पुढचा प्रमुख घडावा म्हणून दरवर्षी या शिबिराला एकाचं नाव पाठवायचं असतं — दरवर्षी मीच गेलो. का? दुसरं होतं कोण? म्हणजे होते दोघं-तिघं, पण तयार नव्हते. आता शिबिराला गेल्याशिवाय तयार कसे होणार, असं तू — हसू नकोस. यंदा कुलगुरूंनी अख्खा विभागच बोलावला, आणि झालं हे!

काय? तुझ्याबद्दल मी काही बोललो? कुणी सांगितलं? — बोललो असेन. ‘पोरगी हुशार, पण भरवशाची नाही.’ अगं, हे प्रत्येकाबद्दल प्रत्येकाला सांगावं लागतं, नाहीतर सगळे एक होतात. आणि सगळे एक झाले, तर प्रमुख लागतो कशाला?

हे बघ. तुला नोकरीत कायम करायचं की नाही, त्यावर सोमवारी मला शेरा द्यायचाय. धमकी? छे, छे! मी फक्त एक नाव मागतोय. खात्री नसली तरी चालेल, नुसता संशय सांग. बाकीचं मी बघतो.

सगळ्यांनी? म्हणजे — चौघांनीही? ठरवून? — न ठरवता? असं कसं न ठरवता! आणि तू? माझ्या तोंडावर सांगतेस? सोमवार आहे लक्षात? — पर्स कशाला उचललीस? बस खाली. अगं, मी बोलतोय अजून — दार लावून घेऊ नकोस — अगं —

सिस्टरने पट्टीची गाठ मारली. “एक्स-रेला जायचंय, सर, बरोबर कुणीतरी लागेल. विभागातल्या कुणाला फोन लावू?”