अंगरखा आईचा, एवढं लिहा

मी, नाबेसावा किसाबुरो, वय ५३ वर्षे, धंदा लाकडावरील कोरीवकाम, राहणार नदीकाठची वस्ती, निओबेत्सु, होक्काइदो. जमात ऐनू, म्हणजे या बेटावरचे मूळ रहिवासी; ही मी सांगितली नव्हती, साहेबांनी विचारून लिहून घेतली. ठाण्यात बोलावल्यावरून हजर झालो आहे आणि खालीलप्रमाणे जबाब देतो.

बसथांब्यासमोर माझे दुकान आहे. तोंडात मासा धरलेली लाकडी अस्वले कोरून पर्यटकांना विकतो. घरात मी आणि आई, नाबेसावा हारु, वय ८६. डिसेंबरपासून ती अंथरुणावर आहे.

वसाहत स्मृती भवनाबद्दल विचारले, त्याचे उत्तर असे. तेथे काचेच्या कपाटात झाडाच्या सालीच्या धाग्याचा एक अंगरखा होता. तो माझ्या आजीने माझ्या आईसाठी, हारुसाठी विणला होता. आमच्यात बाई वारली की तिला असाच अंगरखा घालून पाठवतात. भवनाच्या उद्घाटनाला तो चार महिन्यांसाठी म्हणून नेला, त्याला सतरा वर्षे झाली. मागायला गेलो की संचालक म्हणत, "नाबेसावासान, तो आता दप्तरी चढलाय. तुमच्या घरी उंदीर खातील." दरवर्षी बर्फ वितळले की मी जात असे. आवाज चढवला हे खरे आहे. यंदा नगरप्रमुख मध्ये पडले आणि एप्रिलअखेर अंगरखा परत द्यायचे ठरले. आईला सांगितले त्या दिवशी तिने पेज पुन्हा मागून घेतली.

फोटोतील माकिनो शुहेई यास ओळखतो. टोकियोचा विद्यार्थी. गेल्या शरदात दुकानात येऊन बसत असे. ‘उत्तर वणवा’ गटाचा आहे हे माहीत नव्हते. म्हणे, "हे अस्वल म्हणजे तुमची गुलामी आहे." मी म्हणालो, "गुलामीला गिऱ्हाईक तरी आहे. तुझ्या क्रांतीचा काय खप आहे?" तो हसला नाही. जपान हा देशच चोरीचा माल आहे, त्यात जन्मलेला एकही माणूस निर्दोष नाही, सगळे मुळासकट संपले पाहिजे, असे तो शांतपणे सांगे. "आणि तुझी आई?" मी विचारले. "तीसुद्धा," म्हणाला, आणि माझ्या आईच्या हातचे माशाचे कालवण पुन्हा वाढून घेतले.

आईला तो पुस्तकात शिकलेल्या ऐनू शब्दाने ‘फुची’ म्हणे, म्हणजे आजी. तो गेल्यावर आई म्हणाली, "पोराला जेवू घाल. पण सांग त्याला, माझी नातवंडं मला माहीत आहेत." अंगरख्याची गोष्ट तिनेच काढली होती. "आम्ही सोडवू," असे तो म्हणाला. शिकलेला मुलगा, मला वाटले अर्जबिर्ज करील. परत मिळायचे ठरल्यावर त्याला कळवावे म्हटले, तर पत्ता ठेवून गेला नव्हता.

७ एप्रिलला सकाळी भवनात स्फोट झाला. भवनाचा शिपाई मोरिता आत होता. हा मोरिता सुट्टीच्या दिवशी मागच्या दाराने आईला आत घेई आणि कपाट उघडून बाही तिच्या हातात देई. "मावशी, आवरा पटकन, नाहीतर संचालकसाहेब मलाही कपाटात ठेवतील." स्फोटानंतर तो बाहेर पळाला नाही, आगीतून कपाटाकडे गेला. वरची तुळई पडली. उजवा हात मनगटापासून काढावा लागला. इस्पितळात मला म्हणाला, "किल्ली फिरली होती रे."

गटाच्या पत्रकात ‘ऐनू जनतेच्या वतीने सूड’ असे आहे. मी त्या जनतेपैकीच आहे, मला कोणी विचारले नाही. दुसऱ्याच दिवशी पोलीस वस्तीत घरोघर शिरले. माझ्या पटाश्या नेल्या, त्या अजून मिळालेल्या नाहीत. माकिनो निदान बूट काढून आत येत असे.

भवनावर राग होता का, हे साहेबांनी तिसऱ्यांदा विचारले. होता. ज्याला अंगरखा हवा आहे तो अंगरखा जाळत नाही, हे मीही तिसऱ्यांदा सांगतो आणि आता मला याचा वीट आला आहे.

आईला सांगावेच लागले. आमच्यात मेलेल्याबरोबर द्यायच्या वस्तू मोडून किंवा जाळून पुढे पाठवतात, म्हणून ती आधी म्हणाली, "जळला ना? मग माझ्याआधी पोचला." थोड्या वेळाने म्हणाली, "पण जाताना त्याच्याशी कोणी बोललं का? कोणासाठी निघालायस, हे सांगितलं का?" नाही, असे मी सांगितले. "मग हिंडत असेल बिचारा," म्हणाली.

बाहीचा एक जळका तुकडा उरला आहे. तो या टेबलावर मोहोरबंद पाकिटात आहे, मी पाहिला. चुलीपाशी आईसमोर त्याला तिचे नाव सांगून पाठवायचे आहे, म्हणून तो द्यावा, अशी विनंती केली. तो पुरावा आहे, निकालानंतर पाहू, असे साहेब म्हणाले. निकालापर्यंत आई राहणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितले आहे.

जबाब मला वाचून दाखवला. ‘भवनाच्या मालकीचे जळके कापड, नग एक’ येथे मी हरकत घेतली. अंगरखा आईचा, एवढे लिहा म्हणालो. मालकी कोर्ट ठरवील म्हणून बदल केला नाही. मात्र तो कोणी कोणासाठी विणला, ते वाक्य मी साहेबांना पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावले. आईच्या नावासह त्यांनी ते वाचले. पाकीट तेव्हा टेबलावरच होते. बाकी मजकूर बरोबर आहे.